ज्वारीएवढे छर्रे

माझ्या भाचीची पहिली बंदूक मी निवडली. लायसन तिच्या नावावर होतं, बंदूक तिच्या खांद्याला लागणार होती, शेत तिच्या बापाचं होतं. पण कोणती बंदूक घ्यायची आणि तिच्यात कोणतं काडतूस घालायचं, हे ठरवताना घरात माझा शब्द चालला. कारण सोपं होतं. केजच्या शाळेत मी वीस-बावीस वर्षं एनसीसी बघितली होती. बंदुकीतलं कळतं ते सरांनाच, असं सगळे धरून चालायचे. मीही धरून चालायचो.

भाची आठवीपासून माझ्या तुकडीत होती. पॉइंट टू-टूची रायफल घेऊन पालथं पडायचं, श्वास अर्धा सोडायचा आणि कागदावर पाच गोळ्या मारायच्या. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली पाहिजेत, असं मी पोरांना सांगायचो. पोरं घाई करायची. ही करत नसे. गोळी सुटल्यावरही ती तशीच पडून राही, जणू अजून काही व्हायचं बाकी आहे. कॅम्पला गेली की मेडल घेऊन यायची, आणि ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, ते देवळीत ठेवून द्यायची.

दाजींचं शेत केजपासून सात-आठ किलोमीटरवर, ओढ्याच्या काठाला. ओढ्यात वेड्या बाभळी माजलेल्या आणि त्यांत रानडुकरं. मी लहान असताना डुक्कर दिसलं तर महिनाभर त्याची गोष्ट चालायची. आता कळपच्या कळप येतात. मक्याचं शेत एका रात्रीत आडवं करतात, भुईमूग तर नांगरल्यासारखा उकरून टाकतात. दाजींनी साड्या बांधून बघितल्या, फटाके वाजवले, भोंगा लावला. डुकरं चार दिवस बिचकली आणि पाचव्या दिवशी भोंग्याखालीच उकरून गेली.

त्यातच एकदा दाजी सकाळी मक्यात शिरले आणि पिल्लांवरची मादी त्यांच्या अंगावर आली. मांडीचा मागचा भाग फाटला. जीव वाचला, पण पाय लंगडा तो लंगडाच राहिला. घरी आल्यावर खाटेवर बसून त्यांनीच विषय काढला.

"आता मला काय राखणीला पळता येत न्हाई. पोरीच्या नावानं लायसन काढू. तिला नेम हाय."

ताई म्हणाली, "पोरीच्या जातीला बंदूक? उद्या लग्नाला कोण उभं राहील?"

"डुक्कर काय लग्न झालेलीला सोडतंय का?" दाजी म्हणाले, आणि तो विषय तिथं संपला.

एकवीस पूर्ण झाल्यावर भाचीनं अर्ज केला. लायसन हातात यायला पुढं वर्षाहून जास्त गेलं. बीडला कागद द्यायला मी तिच्यासोबत जायचो. रांगेत पुढं-मागं सगळी तिशीच्या आतली पोरं, अंगावर पांढरे कडक कपडे, आणि सगळ्यांना पिस्तूलच पाहिजे. कुणाच्याच अर्जात शेत नव्हतं. आमचा कागद वाचून एक जण शेजारच्याला म्हणाला, "डुकरासाठी लायसन काढायलेत बे हे." दोघंही हसले. भाचीनं मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

बंदूक घ्यायला आम्ही संभाजीनगरला गेलो. दुकान जुनं, अरुंद. काचेच्या कपाटात चार-पाच बंदुका आणि मागं स्टुलावर एक म्हातारे चाचा, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. मी आत शिरताच सांगितलं, रायफल दाखवा. पॉइंट थ्री-वन-फाइव्ह. एनसीसीतल्या माणसाला रायफलीशिवाय दुसरं काही दिसत नाही.

चाचांनी रायफल काढली, पण माझ्या हातात दिली नाही. भाचीकडे बघून विचारलं, "बेटा, खेत के उस पार क्या है?"

"पलीकडं वस्ती हाय. आन् दोनेकशे पावलांवर रस्ता. शाळेची पोरं जातात."

चाचांनी रायफल परत कपाटात ठेवली. "इसकी गोली सुअर में नहीं रुकती," ते म्हणाले, "आरपार जाती और आगे चलती रहती. तुमको बारा बोअर होना, छर्रेवाली."

मला जरा अपमान वाटला. भाचीला मात्र ते पटलेलं दिसलं. चाचांनी एकनळी आणि दुनळी दोन्ही काउंटरवर ठेवल्या. तिला हात काटकोनात वाकवायला सांगितला, दस्त्याचं टोक कोपराच्या खळीत टेकवलं आणि बोट घोड्यापर्यंत पोचतं का ते बघितलं. पोचत नव्हतं. "एक इंच काटना पडेगा," असं म्हणून त्यांनी खडूनं खूण केली. मग तिला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली आणि डोळे उघड म्हणाले. असं पाच-सहा वेळा. एकनळी हलकी होती, मला तीच बरी वाटली. भाची म्हणाली, "मामा, एक चुकली तर दुसरी पाहिजे ना." मी म्हणालो, चुकायचंच कशाला? पण घेतली दुनळीच, आणि ते बरोबर होतं. त्या दिवशी त्या दुकानात जे काही शहाणपणाचं झालं, ते त्या दोघांनी केलं.

काडतुसांचे दोन खोके चाचांनी पुढं सरकवले. एकात बारीक छर्रे होते, ज्वारीच्या दाण्याएवढे, एका काडतुसात दीड-दोनशे. दुसऱ्यात मोठे, टपोऱ्या हरभऱ्याएवढे, एकात जेमतेम आठ-नऊ. चाचांनी पहिल्या खोक्यावर बोट ठेवलं. "ये प्रॅक्टिस के वास्ते." मग दुसऱ्यावर. "ये सुअर के वास्ते. भूलना नहीं." मी मान हलवली. मला कुणी शिकवावं, असं ते वय नव्हतं.

परतताना मांजरसुंब्याला गाडी बदलायची होती. ढाब्यावर चहा घेतला. बंदूक सुटी करून गोणपाटात गुंडाळलेली, तिच्या मांडीवर. ती म्हणाली, "मामा, मी आजपस्तोर जितं काय बी मारलं न्हाई." मी म्हणालो, "कागद समजायचं." तिनं चहा संपवला.

दस्ता कापून, रबर बसवून बंदूक तयार झाली. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक बंद पडलेली मुरमाची खाण आहे. तिथं आम्ही सरावाला जायचो. मी खाणीच्या भिंतीला पत्रा टेकवला आणि त्यावर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं. आधी मोठ्या छऱ्यांचं काडतूस. तीस पावलांवरून तिनं बार काढला. दणका असा बसला की ती एक पाऊल मागं सरली. पानावर भोकं तीन, बाकीचे छर्रे इकडंतिकडं गेलेले. दुसऱ्या बाराला तिनं आधीच डोळे मिटले. भोकं दोन. संध्याकाळी ताईनं तिच्या खांद्यावर हळद लावली. चांगलं तळहाताएवढं काळंनिळं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बारीक छऱ्यांचं काडतूस घातलं. दणका कमी. पान चाळणीसारखं झालं. मी भोकं मोजायला लागलो आणि साठाच्या पुढं मोजायचं सोडून दिलं. वीस वर्षं मी कागदावरची भोकंच मोजत आलो होतो. तिथल्या तिथं मी ठरवून टाकलं.

"हेच घालायचं," मी म्हणालो. "खांद्याला त्रास न्हाई, आणि एवढ्यातून डुक्कर सुटेल कसं?"

ती पानाकडे बघत होती. "पर चाचा म्हणलते..."

"चाचांनी तुझा खांदा बघितलाय का?"

घरी दाजींना कळलं तेव्हा ते खाटेवरून उठून बसले. "सर, डुक्कर म्हंजे कागद न्हाई. त्याची कातडी बघितली का कधी? चिखलात लोळून लोळून खापरासारखी झालेली असती. हे दाणे त्याला गुदगुल्या करतेत."

"दोन्ही नळ्या एकदम जवळून मारल्या की भागतं," मी म्हणालो.

मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी डुकरावर कधी बार काढलेला नव्हता, काढताना बघितलंही नव्हतं. दाजी परत खाटेवर आडवे झाले. बायकोचा भाऊ, त्यात शाळेतला सर. आमच्याकडं अशा माणसाचं बोलणं फार खोडत नाहीत.

नुसतं लायसन असून भागत नाही. डुक्कर मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते, तीही ठरावीक दिवसांची. ती दिवाळीनंतर मिळाली. अर्धं गाव तोवर ऊसतोडीला गेलं होतं. कापसाची वेचणी चालू होती, तूर माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली. डुकरं रात्री मक्यात असतात आणि उजाडताना ओढ्याकडं परततात, हे दाजींनी सांगितलं होतं. म्हणून आम्ही दोघं, मी आणि भाची, पहाटे जाऊन बांधावरच्या कडुलिंबाला पाठ लावून बसलो. दोन्ही नळ्यांत बारीक छर्रे मी माझ्या हातानं भरले.

तांबडं फुटल्यावर मक्याची पानं सळसळली. आधी तीन लहान डुकरं गेली, मागून एक मोठं, मानेवर केस उभे असलेलं. ते पंचवीसएक पावलांवर थांबलं, नाक वर केलं. मी तिच्या पाठीला हात लावला. तिनं बार काढला. डुक्कर किंचाळून पुढच्या गुडघ्यांवर बसलं. मी "दुसरी!" असं ओरडलो. दुसरा बार झाला, आणि ते उठलं. उठून वळलं आणि थेट शेजाऱ्याच्या तुरीत घुसलं. तुरीचे शेंडे हलत गेले, मग हलायचे थांबले.

आम्ही जाऊन बघितलं. मातीवर रक्ताचे थेंब होते, फार नाहीत. भाची तुरीच्या कडेला थांबली.

"मामा, आत हाय ते. घरून मोठी काडतुसं आणते. आन् सगळ्यांला सांगू, तिकडं जाऊ नका मनून. वेचणीच्या बाया येतील आता."

त्या वेळी सात वाजत होते. तिचं बोलणं पूर्ण बरोबर होतं. मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"सांगून काय हसं करून घ्यायचं? पहिलीच शिकार आणि डुक्कर पळालं म्हणतील. ते गेलं असेल ओढ्यात, पडेल कुठंतरी. चल, चहा घेऊ."

ती दोनदा मागं वळून बघत माझ्यामागं आली. घरी दाजी शौचाला गेले होते, ताई गोठ्यात होती. बार ऐकून ताईनं विचारलं, लागलं का? मी म्हणालो, "लागलं, पण लांब गेलं." भाची चुलीपाशी बसली. चहाचा कप तिनं हातात धरून ठेवला. मला वाटतं, मी तिथं नसतो तर ती उठून गेली असती.

नऊ-साडेनऊला ओरडा ऐकू आला.

शेजारच्या शेतात कापूस वेचायला आलेल्या बायांत एक पस्तिशीची बाई होती. ती आणि तिचा नवरा दरवर्षी तोडीला जायचे. त्या वर्षी पोरीची दहावी म्हणून नवरा एका पुतण्याला घेऊन गेला होता आणि ही मागं राहिली होती. पाण्याची कळशी उन्हात तापू नये म्हणून ती ठेवायला तुरीच्या सावलीत गेली. डुक्कर तिथंच, चार हातांवर बसलं होतं.

मी पोचलो तेव्हा बायांनी तिला बांधावर ओढून आणलं होतं. गुडघ्याच्या वर मांस उघडं पडलं होतं आणि लुगडं भिजून काळं झालं होतं. मी माझा शर्ट काढून आवळून बांधला. एवढं एनसीसीनं शिकवलं होतं. रस्त्यावरून एक वडाप जीप चालली होती, ती थांबवली. भाचीही धावत आली होती, पण ती जीपजवळ न येता परत घराकडं वळली. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

केजला पट्टी करून आम्हाला अंबाजोगाईला पाठवलं. जीपमध्ये बाईचं डोकं दुसऱ्या एका बाईच्या मांडीवर होतं आणि पाय माझ्या हातात. ती शुद्धीवर होती. सारखं एकच विचारत होती.

"सर, ते अंगावर कामून आलं? मी काय बी केलं न्हाई त्याला. मी तर कळशी ठिवायला गेलते."

"जनावर आहे," मी म्हणालो.

"तरी बी. उगं कामून येईल?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

मागं काय झालं ते मला दाजींनी नंतर सांगितलं. भाची घरी गेली, मोठ्या छऱ्यांचा खोका काढला, दोन काडतुसं भरली आणि दोन मुठीत घेतली. दाजी काठी टेकत तिच्यामागं निघाले. ताई आडवी आली, तिला बाजूला सारून ती गेली. तुरीत शिरून दहा पावलांवरून तिनं एक बार काढला. डुक्कर जागेवर राहिलं. दाजी म्हणाले, "तिनं डोळे मिटले न्हाईत." मग रिकामी काडतुसं उचलायला ते लिंबाखाली गेले. तिथं सकाळची दोन पडली होती, बारीक छऱ्यांची. ती हातात घेऊन ते बराच वेळ उभे होते, असं ताई सांगते. मला मात्र त्यांनी त्याबद्दल आजपर्यंत एक शब्द विचारलेला नाही.

वनरक्षक दुपारी आला. त्यानं डुकराची कातडी सुरीनं जरा उचलली. खालच्या चरबीत छर्रे पसरलेले होते, ज्वारी सांडल्यासारखे. एकही आत गेलेला नव्हता.

"हे कुणाचे?" त्यानं विचारलं.

"माझे," भाची म्हणाली. "सकाळी मीच मारलते. ते जखमी होऊन तुरीत गेलं आन् मी कुणाला सांगितलं न्हाई. तसंच लिवा."

त्यानं तसंच लिहिलं. मी तेव्हा अंबाजोगाईला होतो. पण दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात आली तेव्हा मी तिथंच होतो, वॉर्डाच्या दारात, हातात बिस्किटाचा पुडा आणि औषधाची पिशवी. ती सरळ आत गेली आणि खाटेजवळ उभी राहिली. बाईचा नवरा कारखान्यावरून रातोरात आलेला होता, तोही बाजूला होता.

"मावशी," ती म्हणाली, "डुक्कर आधी मी जखमी केलतं. बारीक छर्रे मारले, ते लागले न्हाईत नीट. ते तुरीत हाय हे मला ठाऊक होतं. मी सांगाया पाहिजे होतं, सांगितलं न्हाई."

नवरा उठला. मला वाटलं, मारतो आता. त्यानं हात उगारला पण, आणि मग तसाच खाली बसला. बाईनं भिंतीकडं तोंड केलं. काडतुसं कुणी निवडली आणि कुणी थांबवलं, हे भाचीनं सांगितलं नाही. मी दारात उभा होतो. दोन पावलं टाकून आत जायचं होतं. मी औषधाची पिशवी तिच्यासोबत जीपमधून आलेल्या बाईच्या हातात दिली आणि भाचीला घेऊन स्टँडवर आलो.

एसटीत तिला म्हणालो, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"बंदूक माझ्या हातात होती, मामा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं.

बाई वाचली. पाय गुडघ्यात वाकत नाही. आमच्या भागात तोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. त्यांचा कोयता मोडला. नवरा आता दुसऱ्या कुणाला जोडीला घेऊन जातो. पोर दहावीला बसली, पण पुढं शिकली नाही. आई उठू शकत नव्हती म्हणून घरातलं सगळं काम तिच्या अंगावर पडलं. परवानगी रद्द झाली, बंदूक ठाण्यात जमा झाली, आणि लायसनची मुदत संपल्यावर भाचीनं नवीन अर्ज केला नाही. ती आता लातूरला एका खासगी दवाखान्यात कामाला आहे. सुटीत आली की त्या बाईकडं जाते, तिचं डोकं विंचरते, दळण आणून देते. शाळेतून मला नेमबाजीच्या कॅम्पला यायचं निमंत्रण येतं, मी गुडघेदुखीचं कारण सांगतो.

निवृत्त झाल्यावर, त्या सकाळीला तीन वर्षं होत आली असताना, मी एकदा दुपारी एकटाच त्या बाईकडं गेलो. ती ओसरीवर पाय लांब करून शेंगा फोडत होती. मी खाली बसलो. म्हणालो, "मला एक सांगायचंय. काडतुसं मी निवडली होती. पोरगी मोठी घालू म्हणत होती. सकाळी सगळ्यांना सांगूही म्हणत होती. मीच नको म्हणालो."

ती शेंगा फोडत राहिली. दाणे ताटलीत, टरफलं बाजूला.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

"तिनं सांगितलं?"

"न्हाई. ती आजून तुमचं नाव घेत न्हाई." तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. "ती दवाखान्यात आलती त्या रोजी तुमी दारात उभे होते. ती बोलायली तवा मी तुमच्याकडं बघायलते. तुमी खाली बघत होते. तवाच कळलं."

मी म्हणालो, "मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," ती म्हणाली. "पाहिजे होतं."

मी अजून थोडा वेळ बसलो. तिनं मला पाणी विचारलं नाही, आणि जा असंही म्हणाली नाही. आतून तिची पोर आली, भरलेली ताटली उचलून रिकामी ठेवून गेली. ऊन ओसरीच्या कडेला आलं तसं मी उठलो, चप्पल घातली आणि रस्त्यावर येऊन केजच्या गाडीची वाट बघत उभा राहिलो.